खिडकीवाली मावशी

१

रविवारी सकाळी अड्याळच्या गल्ल्यांत पोर म्हणून दिसायचं नाही. गोट्या जिथल्या तिथे पडलेल्या असत, टायर भिंतीला टेकवलेला असे, आणि घराघरातून एकाच वेळी एकच हसू बाहेर येई. केबलवर ‘उलटा बाजार’ लागलेला असे.

हा कार्यक्रम मुंबईत तयार होत नव्हता की नागपुरात. तो तयार करत भूषणभाऊ. अर्ध्या अड्याळला आणि आजूबाजूच्या गावांना त्यांच्याच छतावरून केबल जायची. दिवसभर सिनेमे आणि साडीच्या दुकानांच्या जाहिराती दाखवून त्यांना कंटाळा आला होता. लग्नांच्या शूटिंगचा कॅमेरा घरात होता, आणि गोलू नावाचा मुलगाही घरात होता, जो जेवतानासुद्धा नकला करी. एवढ्या भांडवलावर ‘उलटा बाजार’ सुरू झाला.

त्यात सगळं उलटं चाले. डॉक्टर दहीवडे पेशंटला सोडून त्याला घेऊन येणाऱ्याची नाडी पाहत आणि गोळीही त्यालाच देत. इन्स्पेक्टर शेंगदाणे चोरीचा पुरावा खाऊन टाकत आणि मग कोर्टात ढेकर देत. पण पोरांचा सर्वांत लाडका होता शेठ झटपटे. तो दारोदार फिरून माल विके आणि गिऱ्हाइकाचं अक्षरही ऐकून घेत नसे. शेठ झाला होता गोलू. त्याच्यामागे टोपली घेऊन एक मुलगी उभी असे, जी कधीच काही बोलत नसे. तिचं नाव गपचूप गंगू. आणि गंगू होती डिंपल.

डिंपल नववीत होती. गोलूच्या शेजारी राहायची, म्हणून भूषणभाऊंनी तिला बोलावलं होतं. तेव्हा तिला वाक्यं होती. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि तिचा गळा कोणीतरी गाठ मारल्यासारखा बंद झाला. ती नुसती टोपली धरून उभी राहिली. गोलूने तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे आमची गपचूप गंगू. पगार वाढवून मागत नाई, म्हून ठेवली.”

भूषणभाऊ इतके हसले की कॅमेरा हलला. तेव्हापासून गंगू गपचूप. शाळेतल्या मुली आता तिला मधल्या सुट्टीत ‘ए गंगू’ म्हणून हाक मारत. याआधी तिला हाक मारायला कोणाला काही कारण नव्हतं.

२

शूटिंग जुन्या गावात होई. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणारं म्हणून ते गाव उठून नव्या जागी बसलं होतं. लोकांनी दारं, चौकटी, छपराचे कवेलू, जमेल ते काढून नेलं होतं. काही घरं मात्र छपरासकट उभी होती, भिंतीवर लाल रंगात नंबर लिहिलेली. तिथे गाड्यांचे हॉर्न नव्हते. लाखनीला हायवेच्या बाजूला एकदा शूटिंग करून पाहिलं, तर डॉक्टर दहीवड्यांच्या प्रत्येक वाक्याला ट्रकवाल्यांनी उत्तर दिलं होतं.

त्या घरांतलं एक घर विणकराचं होतं. माग काढून नेला होता, पण मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून विणायला बसतात, तो जमिनीत तसाच होता, आणि त्या खड्ड्याला लागून एक ठेंगणी खिडकी होती. विणणाऱ्याच्या कापडावर उजेड पडावा म्हणून केलेली. आतून ती जवळजवळ जमिनीला टेकलेली होती. बाहेरून मात्र गोलूच्या छातीइतकी येई, कारण घराचं जोतं उंच होतं. भूषणभाऊंनी तिला जुन्या साडीचा पडदा लावला, आणि खिडकीवाली मावशी जन्माला आली.

मावशी दिसायची नाही. फक्त पडद्यातून तिचा हात बाहेर यायचा, तळवा वर करून. शेठ झटपटे म्हणायचा, “काय पायजे मावशी? समजलं, समजलं, बोलू नका!” आणि हातावर भलतंच काहीतरी ठेवायचा. कंगवा. मावशीचा हात तो चाचपून पाहायचा आणि फेकून द्यायचा. मग चप्पल. तीही फेकायचा. तिसऱ्या वेळी जे मिळेल ते घेऊन हात रागारागाने आत जायचा. एवढंच. पण तो हात असा रागवायचा, असा रुसायचा, असा हताश होऊन खिडकीच्या कठड्यावर बोटं वाजवायचा, की अड्याळची म्हातारी माणसंसुद्धा डोळे पुसत हसत.

मावशी होते सोमाजी. तेच डॉक्टर दहीवडे. तरुणपणी त्यांनी दंडारीच्या नाटकांत बाईची कामं केली होती. हातात हिरव्या बांगड्या भरून ते मागच्या दाराने आत जाऊन बसत, आणि भूषणभाऊ ओरडत, “सोमाजी, बसले का?” आतून आवाज येई, “बसलो जी!”

त्या दिवशी शूटिंग आटोपल्यावर भूषणभाऊंनी डिंपलला बाजूला बोलावलं.

“पाय डिंपल, पाणी वाढून राहिलं. हा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारचं येथलं शूटिंग शेवटचंच समज. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत मोठ्या पडद्यावर दाखवा म्हणतात लोकं. मंग अड्याळले समाजमंदिरात नवीन सुरू करू. पण आता गंगूले बोलाव लागते.”

डिंपलने मान खाली घातली.

“जास्त नाई. एकच डायलॉग. ‘शेठ, माल संपला!’ बस. शेवटच्या भागात एवढं बोलली, तर गंगू तूच. नाई जमलं तर माह्यी भाची करुणा हाये. थे झोपेतही बोलते. राग नको मानू बेटा, पण गंगूले कधीतरी आवाज पायजे ना बाप्पा.”

डिंपलने हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

टोपलीतला माल गोळा करताना तिला आणखी एक गोष्ट खटकली. शॉटच्या वेळी मावशीच्या हाताने कंगवा जोरात भिरकावला होता. पण बांगड्या वाजल्या नव्हत्या.

३

घरी तिने ते वाक्य बोकडाला म्हणून दाखवलं. बोकडाने नीट ऐकलं. विहिरीत वाकून म्हटलं, विहिरीनेही परत म्हटलं. पण बोकडाला लाल दिवा नसतो, आणि विहिरीला भाची नसते.

रविवारी सगळे टीव्हीपुढे बसले. डिंपलचे बाबा, ईश्वर, मागावरून उठून आले होते. केसांत कापूस होता. आई विमला चरखा पुढ्यात ओढूनच बसली होती. घरच्या मागाला सुताच्या कांड्या लागत. आई त्या चरख्यावर भरायची आणि डिंपल बाबांच्या हातात द्यायची.

पडद्यावर मावशीचा हात आला. तळवा वर, अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर हलकेच दोनदा आपटलं.

“अरे!” बाबा हसले. “हा सोमाजी कोणा कोष्ट्याच्या घरी बसून शिकला वाटते. कांडी मागून राहिला पाय!”

“खरंच की,” आई म्हणाली. “तुमीपण असाच हात करता. नवरा नाई, भिकारी हाये असं वाटते.”

“माग सोडून उठू का मंग? धोटा तसाच ठेवून?”

“उठा ना. तुमचे पाय काही मातीत पुरले नाई.”

दोघं हसली. पडद्यावर शेठ झटपटेने मावशीच्या हातावर चप्पल ठेवली, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांतून हसू फुटलं. डिंपल हसली नाही. ती मावशीचं मनगट पाहत होती. ते उघडं होतं. आणि तर्जनीच्या पेरावर बारीक काळी रेघ होती, सूत वर्षानुवर्षं ओढून पडते तशी. तशीच रेघ बाबांच्या बोटावर होती.

सोमाजी शेतकरी होते. त्यांच्या बोटांना विळ्याच्या खुणा होत्या. पण टीव्ही जुना आहे, चित्र मुंग्यांचं येतं, असं डिंपलने स्वतःला सांगितलं. सोमाजी बांगड्या घालायला विसरले असतील. रेघ म्हणजे केस असेल. एकेक कारण तिने नीट लावून ठेवलं, आणि तिला बरंही वाटलं. फक्त ती कारणं एकमेकांना टेकून उभी होती. एक काढलं की सगळी पडली असती.

४

बुधवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून भूषणभाऊंनी राहिलेले तुकडे घ्यायचं ठरवलं. पहिल्या तुकड्यात गंगू नव्हती. शेठ एकटाच मावशीला भाजी विकणार होता. डिंपल पाण्याची बाटली शोधत घरामागे गेली.

समोरून भूषणभाऊंचा आवाज आला. “सोमाजी, बसले का?”

“बसलो जी!” सोमाजी ओरडले.

ते मोहाच्या झाडाखाली बसले होते. पाठ खोडाला टेकलेली, एका हातात विझलेली विडी, दुसऱ्या हातात हिरव्या बांगड्या. डिंपलला पाहताच त्यांनी विडीचा हात तोंडावर ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. गपचूप गंगूला.

समोर गोलू सुरू झाला होता. “मावशी, आज ताजा आलू आणला! बोलू नका, समजलं!” मग बटाटा जमिनीवर आपटल्याचा आवाज, आणि गोलूची किंकाळी, “अवो मावशी, डोक्शावर नका मारू, एकच हाये!”

सोमाजींचे दोन्ही हात डिंपलच्या डोळ्यांपुढे होते.

“तुमी… येथी?” ती कुजबुजली.

“हळू बोल.”

“मंग अंदर कोण हाये?”

“मले काय माहीत.”

“आजोबा!”

“आता काय सांगू पोरी तुले.” सोमाजींनी बांगड्या धोतराला पुसल्या. “पहिल्या-दुसऱ्या डावात मीच होतो. मंग एक दिवस मी हात बाहेर काढणार, तर बाजूनं दुसराच हात निघाला. माह्या पुढून. मी मांगं सरकलो. तिकडं पोट्टा हसून राहिला, भूषण हसून राहिला, वा सोमाजी, वा सोमाजी. मी काय म्हणू?”

“भूषणभाऊले सांगतलं नाई?”

“सांगून काय? का मावशी मी नाई करत? मंग थो मले कायले ठेवन? डॉक्टरले काय, कोणी पण होते डॉक्टर.” त्यांचे डोळे एकदम चमकले. “आन् खरं सांगू? असा हात मले जन्मात नसता जमला. भंडारा-गोंदिया एकच जिल्हा होता तेव्हापासून बाईचं काम केलं मी. आमगावच्या बाया माह्यी चाल पाहाले येत. पण थ्या हातासमोर मी काहीच नाई. नुसत्या बोटातून रागावते पाय थे! चांगला नट आला का जागा द्याव लागते.”

समोर गोलू म्हणत होता, “बरं, वांगं घ्या, वांगं! हे ठेवलं? ठेवलं! पाहा बाबा, मावशीनं वांगं ठेवलं!”

“तुमाले भेव नाई लागत?” डिंपलने विचारलं.

“लागते ना,” सोमाजी म्हणाले. “म्हून तर येथी बसतो, झाडाखाली.”

५

म्हातारे नट खोटं बोलतात, तोच त्यांचा धंदा. डिंपलने हे मनाशी तीनदा म्हटलं आणि मग ती मागच्या दाराने आत गेली. बाहेर ऊन होतं. गोलू मोटारसायकलच्या आरशात मिशी काढत होता आणि जोरजोराने गाणं म्हणत होता. सोमाजी तुकडा संपल्यावर सरळ समोर गेले होते, सगळ्यांची वाहवा घ्यायला. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

मागाची खोली लहान होती. पडद्याच्या साडीतून निळसर उजेड आत येत होता आणि भिंतींवर ओलीचे डाग होते. गाव सोडून लोक गेले हे जमिनीला कसं कळलं कोणास ठाऊक, पण पाणी खालून येऊ लागलं होतं. सगळी जमीन पायाला गार आणि मऊ लागत होती. मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं. काळं, निश्चल, काठापासून वीतभर खाली.

खिडकीतून हात काढायचा तर एकाच जागी बसावं लागलं असतं. खड्ड्याच्या काठावर, पाय खाली सोडून. डिंपलने खाली पाहिलं. सगळी जमीन ओली होती. काठावरची तेवढीच जागा कोरडी होती, बसणाऱ्याच्या मापाची. आणि झिजून गुळगुळीत झाली होती, बाबांची जागा असते तशी.

त्या जागेच्या उजव्या हाताला भिंतीत कोनाडा होता. कांड्यांची टोपली ठेवतात तसा. त्यात टोपली नव्हती. तिथे एका रांगेत ‘उलटा बाजार’ ठेवलेला होता. गोलूची शिट्टी. प्लास्टिकची बाहुली. साबणाची वडी, टूथब्रश, गंजलेला चमचा. मावशीने आत नेलेली प्रत्येक तिसरी वस्तू. आणि प्रत्येकीवर सुताचे दोन-चार वेढे होते. नीट घट्ट घातलेले, आणि मग तिथेच सोडून दिलेले, जमत नाही असं कळल्यावर सोडतात तसे.

सोमाजींनी केलं असेल, डिंपलने ठरवलं. तेवढ्यात तिची नजर रांगेच्या शेवटी गेली. तिथे वांगं होतं. आताचं. देठ अजून हिरवागार. त्याच्यावर सूत गुंडाळलेलं होतं, आणि सोमाजी तर तुकडा संपेपर्यंत झाडाखालून हलले नव्हते.

तिच्या पाठीमागे पडदा हलला. वारा आत यावा तसा आत नाही. बाहेरच्या बाजूला, एखाद्या हाताने सारावा तसा.

“मावशी!” बाहेरून गोलूचा आनंदी आवाज आला. “सोमाजी आजोबा तर इकडं हायेत, मंग… ओ गंगू, तू हायेस का अंदर? काय मस्त हात करून राहिली वं! अगदी मावशी!”

डिंपलने आपले दोन्ही हात पाहिले. ते तिच्या पोटाशी घट्ट धरलेले होते. ती मागच्या मागे सरकत दारापर्यंत आली. पळाली नाही. पळाली असती तर गोलूने विचारलं असतं, आणि मग सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं तर ‘उलटा बाजार’ त्याच दिवशी बंद झाला असता. मग ना गंगू, ना मधल्या सुट्टीतली हाक.

“तूच होतीस ना?” गोलूने विचारलं.

डिंपलने मान हलवली. खोटं बोलायलाही तिला तोंड उघडावं लागलं नाही.

६

शनिवारी संध्याकाळी बाबा मागावर होते. खटक्‌-धप्प, खटक्‌-धप्प. सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडे पळत होता. कांडी रिकामी झाली तसा बाबांनी हात बाजूला केला. तळवा वर. अंगठा, मधलं बोट.

डिंपलने कांडी ठेवली. बाबांनी मान वळवली नाही. ते कधीच वळवत नसत. ती इतकी वर्षं कांड्या देत आली होती, पण हे तिच्या आजच लक्षात आलं. हात केला की कांडी येणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं होतं. बाजूला कोणीतरी आहे, एवढं माहीत असलं की पाहावं लागत नाही.

आणि तिकडे कोणीतरी हात करत होतं, आणि त्या हातावर चप्पल पडत होती, आणि सगळं अड्याळ हसत होतं. मावशी रागाचं नाटक करत नव्हती. डिंपलला भीती वाटत होती ती वाटतच होती, पण आता तिच्याबरोबर लाजही वाटू लागली.

“बाबा,” तिने विचारलं, “कांडीच नाई आली तर?”

“तर काय? बसाचं.” बाबांनी धोटा फेकला. “अर्धं कापड सोडून कोणी उठते का?”

रात्री झोपण्याआधी तिने चरख्यावर एक कांडी भरली. आईने पाहिलं. “आज काय सूर्य पश्चिमेला उगवला? सांगितल्याशिवाय काम?” डिंपलने ती कांडी उद्याच्या फ्रॉकच्या खिशात ठेवली. मग अंथरुणात पडल्या पडल्या ‘शेठ, माल संपला’ असं ओठ न हलवता म्हणून पाहिलं. मनात ते फारच छान जमत होतं.

७

शेवटच्या शूटिंगला पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. शांत, ऊन खात पडलेलं. बगळे होते त्यात. गोलूने कागदाची होडी सोडली आणि तिला इन्स्पेक्टर शेंगदाण्यांची गस्तीची बोट असं नाव दिलं. भूषणभाऊंनी सगळ्यांसाठी गरम भजी आणली होती. सोमाजी दहीवड्यांचा कोट घालून भजी खात होते आणि तेलकट बोटं भूषणभाऊंच्या नाडीला लावत होते. इतकं हसू त्या गावात बऱ्याच दिवसांत झालं नसेल.

“चला, मावशी!” भूषणभाऊ ओरडले. “डिंपल, तयार? घाबरू नको. कॅमेऱ्याकडं पाहू नको, दुसरीकडं पाय. सोमाजी, बसले का?”

“बसलो जी!” घरामागून आवाज आला.

लाल दिवा लागला.

पडदा सरकला आणि हात बाहेर आला. उघडं मनगट, तर्जनीवर काळी रेघ. गोलू आज पेटला होता. “मावशी, दिवाळीचा माल! बोलू नका, समजलं!” त्याने फुगा ठेवला. हाताने तो दाबला, फुगा फुटला, हात दचकून मागे झाला. भूषणभाऊ तोंडात रुमाल कोंबून हसू लागले. गोलूने दोडका ठेवला. हाताने दोडका उभा धरला, फिरवून पाहिला आणि शेठच्या टोपीवर हाणला.

“गंगू!” गोलूने डिंपलकडे वळून म्हटलं. “काढ टोपलीतून चांगला माल!”

आता. आता तिने म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. लाल दिवा तिच्याकडेच पाहत होता. भूषणभाऊ कॅमेऱ्यामागून ओठ हलवून तिला शब्द दाखवत होते, शेठ, माल, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कमी होत होतं.

तेव्हा हात वळला.

तो गोलूला सोडून तिच्याकडे आला. तळवा वर. अंगठा आणि मधलं बोट, दोनदा, हलकेच. एवढ्या जवळून तिला बोटांच्या पेरांना चिकटलेला पांढरा कापूस दिसला. डिंपलने आदल्या रात्री जे ठरवलं होतं आणि सकाळपासून जे करायचं नाही असं ठरवलं होतं, ते केलं. फ्रॉकच्या खिशात आणून ठेवलेली कांडी काढली आणि त्या तळव्यावर ठेवली.

हात थांबला. चाचपला नाही, तोलून पाहिला नाही. बोटं एकेक करून मिटली. मग तो इतक्या हळूच आत गेला की पडदासुद्धा हलला नाही.

“काय दिलं वं?” गोलू कुजबुजला. तो शेठ राहिला नव्हता.

आतून आवाज आला. खटक्‌-धप्प.

मग पुन्हा. खटक्‌-धप्प, खटक्‌-धप्प. लाकडावर लाकूड, घट्ट, सराईत, लयीत. भूषणभाऊंचा चेहरा उजळला. “वा सोमाजी!” ते पुटपुटले. “तोंडानं काढून राहिला आवाज! काय नट हाये!” डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता, म्हणून त्यांना दिसलं नाही की सोमाजी घराच्या कोपऱ्यावर येऊन उभे आहेत. दहीवड्यांच्या कोटात, दोन्ही हात जोडून, नाटकाला टाळी वाजवावी की नमस्कार करावा हे न कळून.

पडद्याला एक फट राहिली होती. डिंपलला पाहायचं नव्हतं. तिने पाहिलं.

खड्ड्यातलं पाणी काठापर्यंत आलं होतं. त्या पाण्याखाली दोन पाय होते. एक खाली जाई, दुसरा वर येई, मागाच्या तालावर, आणि वरचं पाणी जराही हलत नव्हतं. पायांच्या वर काय होतं ते तिने पाहिलं नाही. पांढऱ्या कापडाचा काठ मात्र पाहिला, जो इंचाइंचाने पुढे सरकत होता.

मग आवाज थांबला.

पडदा झटक्यात उघडला आणि हात बाहेर आला. या वेळी घाईने, हक्काने, सरळ डिंपलच्या छातीपर्यंत. रिकामी कांडी दोन बोटांत धरलेली. ती तिच्या टोपलीत टाकली. तळवा वर. अंगठा, मधलं बोट. अंगठा, मधलं बोट. अंगठा, मधलं बोट.

डिंपलजवळ दुसरी कांडी नव्हती.

“थांबा ना जी!” ती ओरडली. “भरून राहिली!”

तिचा आवाज गावभर गेला. बगळे उडाले. गोलू क्षणभर तोंड वासून पाहत राहिला आणि मग त्याच्यातला शेठ परत आला. “अरे बाप्पा! गंगू बोलली!” त्याने टोपी हवेत उडवली. “पगार वाढवाव लागते आता!” भूषणभाऊंनी कॅमेरा तसाच सोडला आणि ते हसत हसत जमिनीवर बसले. “कट! कट! ‘माल संपला’ गेला खड्ड्यात, हाच डायलॉग! डिंपल, गंगू तूच! करुणाले सांगून देतो, झोपून राहाय म्हणावं!” गोलूने तिचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं, आणि डिंपल हसली, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. तिला वाटलं, आता ती काहीही बोलू शकेल. कोणाशीही.

फिरता फिरता तिला खिडकी दिसली. गोलू दिसला, खिडकी दिसली, भूषणभाऊ दिसले, खिडकी दिसली.

आतापर्यंत कट म्हटलं की हात आत जाई. आज तो गेला नव्हता. तो कठड्यावर टेकून बसला होता, तळवा वर करून, बोटं सैल सोडून, अगदी निवांत. बाजूला कोणीतरी आहे हे माहीत असलेला.

तिने थांबा म्हटलं होतं. आणि मावशी थांबणार होती.